वसंत जमिनीखाली असतो

पंचांगाचे आणि झाडांचे आपल्याकडे फारसे जमत नाही. माघ शुद्ध पंचमी आली, की पंचांग 'वसंतपंचमी' छापून मोकळे होते. त्या दिवशी नाशिककर मात्र स्वेटर घालून दूध आणायला निघालेला असतो. तिकडे निफाडच्या बाजूला थंडीने मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतात. शास्त्राप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. म्हणजे वसंतपंचमी साजरी झाल्यावर प्रत्यक्ष वसंत यायला अजून पावणेदोन महिने असतात! बरे, तो येतो तेव्हा काय घेऊन येतो? तापलेल्या गच्च्या, दुपारी ओस पडलेले रस्ते आणि माठातल्या पाण्याची तहान. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात रोज संध्याकाळी जी व्याख्याने होतात, त्या मालेचे नावही 'वसंत व्याख्यानमाला'च. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या व्याख्यानमालेचेही नाव तेच. घामाने सदरा अंगाला चिकटलेला असताना वसंताच्या नावाने एकत्र जमणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ऋतू कळत नव्हते, असे म्हणायचे धाडस मला होत नाही. त्यांना वसंत कशाला म्हणायचे हे नीट ठाऊक होते. विसरलो आहोत ते आपण.

आपल्या डोक्यातला वसंत बराचसा उसना आहे. त्यातला अर्धा संस्कृत काव्यातून आला, मंद वारा आणि आम्रमंजिरी घेऊन. उरलेला अर्धा शाळेतल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आला. त्यात बर्फ वितळते आणि हिरव्या कुरणावर कोकरे उड्या मारतात. या दोन्ही चित्रांची नाशिकच्या मार्च-एप्रिलशी गाठ पडली, की आपण म्हणतो, "छे, आपल्याकडे कसला वसंत! थंडी संपली की थेट उन्हाळाच." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याला उत्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते. वसंत आपल्याकडे येतो, आणि मोठ्या दिमाखात येतो. पण तो हवेत शोधून सापडत नाही.

तो पाहायचा तर होळीच्या आसपास पेठच्या किंवा हरसूलच्या रस्त्याने थोडे बाहेर पडावे. डोंगर करडे झालेले असतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढ्यांत पाण्याचा थेंब नसतो. आणि त्या साऱ्या भकास माळावर एकही पान अंगावर नसलेला पळस केशरी फुलांनी पेटलेला असतो. काटेसावर आणि पांगारा त्याच्या आगेमागे फुलून गेलेले असतात. कुसुंबाची नवी पालवी तर अशी लाल असते, की नवख्या माणसाने तिलाच फुले समजावे. तांबड्या फुटणाऱ्या मोहाच्या झाडांखाली पहाटे बायाबापड्या आणि पोरे टोपल्या घेऊन फुले वेचत असतात. शहरातही हेच चालू असते. पिंपळ काही दिवस उघडा पडतो आणि एका सकाळी तांब्याच्या रंगाची लुसलुशीत पाने घेऊन उभा राहतो. करंज आठवडाभरात जुनी पाने टाकून पोपटी होतो. कडुनिंब मोहरतो आणि संध्याकाळी सगळी गल्ली त्याच्या वासाने भरून जाते. पाडव्याला आपण त्याचाच कोवळा पाला गुढीला बांधतो आणि तोंड वाकडे करून खातोही. थंड मुलखात पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये अख्खा हिवाळा असतो. आपल्याकडची कितीतरी झाडे या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात उरकतात.

यात एक कोडे आहे. शेवटचा पाऊस पडून चार-पाच महिने झालेले, वरची माती भाजून निघालेली आणि पुढचा पाऊस मृगाआधी यायचा नाही. शहाण्या संसारी माणसाने अशा वेळी खर्च आवरता घेतला असता. झाड मात्र नेमके याच वेळी नवे कपडे शिवायला टाकते! हे पाणी ते आणते कुठून?

वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचे जे उत्तर दिले आहे, ते मला कुठल्याही कवितेइतके आवडते. झाडाचे बहुतेक पाणी पानांवाटे हवेत जाते. जुनी पाने गळून पडली, की हा खर्च एकदम थांबतो. मुळे मात्र थांबत नाहीत. ती खोलवरच्या थरांत मागच्या पावसाळ्यात मुरलेला ओलावा घेत राहतात आणि सुकलेले खोड आतून हळूहळू पाण्याने भरत जाते. पुरेशी साठवण झाली आणि दिवस मोठा होऊ लागला, की डोळे फुटतात. मृगाचा पाऊस पडतो तेव्हा ही पाने पुरती तयार झालेली असतात आणि झाड पहिल्या सरीपासून कामाला लागते. म्हणजे एप्रिलच्या उन्हात आपल्याला दिसणारी पोपटी पालवी मागच्या भाद्रपदात जमिनीत मुरलेल्या पावसाची असते. वरून वर्षाव होऊन आपल्याकडे वसंत येत नाही. तो खालून, साठवणीतून वर येतो.

द्राक्षवाल्यांना हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. एका मार्चमध्ये मी निफाड तालुक्यातल्या एका ओळखीच्या बागेत उभा होतो. घड लगडलेले होते आणि खुडा सुरू होता. मी सहज म्हटले, यंदा माल चांगला आला. बागायतदार हसून म्हणाला, "काका, हा माल यंदाचा नाही, मागच्या मे महिन्यातला आहे." मग त्याने मला सगळा हिशेब उलगडून सांगितला. काढणी संपली, की एप्रिलच्या सुमारास वेलीची खरड छाटणी करतात. एक-दोन डोळे ठेवून काडी मागे कापतात. एवढी हिरवी बाग एका दिवसात हाडांच्या सापळ्यासारखी दिसू लागते. नव्या फुटी येतात आणि भर उन्हाळ्यात, साधारण दीड-दोन महिन्यांच्या आत, त्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण तयार होतात. त्या दिवसांत स्वच्छ ऊन मिळाले नाही, आभाळ दाटून राहिले, तर काडी वांझ राहण्याची भीती असते. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते ती केवळ आत दडलेल्याला वाट करून देण्यासाठी. आपण बाजारातून आणून ताटलीत ठेवतो त्या गोड घडाचे भवितव्य असे दहा महिने आधी, सगळे जग उन्हाला शिव्या देत असताना ठरलेले असते.

नाशिकच्या जुन्या गावठाणाने तर हेच शहाणपण दगडात बांधून ठेवले आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. नाशिकमध्ये धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. रंग खेळायचा तो पाच दिवसांनी, रंगपंचमीला. आणि तो खेळायची खास जागा म्हणजे रहाड. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली दगडांनी बांधलेला, पुरुषभर खोलीहून मोठा हौद. या रहाडी पेशवाईच्या काळापासूनच्या मानल्या जातात. वर्षभर त्यांवर जाड लाकडी ओंडके आणि वर माती टाकलेली असते. त्यावरून माणसे जातात, हातगाड्या जातात, रिक्षा जातात. खाली काय आहे याचा नवख्याला पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली, की माती बाजूला होते, ओंडके निघतात, हौद धुऊन निघतो, फुले-पाने उकळून केलेला रंग त्यात पडतो आणि मानकऱ्यांच्या हातून पूजा होते. मग शनिचौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी काठावरून धडाधड उड्या पडू लागतात. या उडीला 'धप्पा' म्हणतात. दर रहाडीचा रंग ठरलेला. रस्त्याने जाणाऱ्याचे कपडे पाहून तो कुठे धप्पा मारून आला ते ओळखावे. सण संपला, की रहाड पुन्हा झाकली जाते, पुढच्या फाल्गुनापर्यंत. एके काळी अशा रहाडी गावात बऱ्याच होत्या. आता वापरात आहेत त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मला या सगळ्या थाटात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्या ओंडक्यांचे झाकण. ज्यांनी रहाडी बांधल्या त्यांनाही रस्ता हवाच होता. चौक वर्षभर अडवून ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी रहाड झाकली, पण उघडता येईल अशी झाकली. झाकणे आणि गाडणे यांत फरक आहे, तो हाच. झाकणाऱ्याला पुढच्या वर्षाची आठवण असते.

आता त्याच गावठाणातून दहा मिनिटे चालत नदीवर या. २००३च्या कुंभमेळ्याच्या तयारीत गोदावरीच्या पात्रात काँक्रीटचा तळ ओतला गेला आणि कितीतरी जुनी कुंडे त्याखाली गेली. हेतू वाईट नव्हता. लाखो माणसे स्नानाला येणार, त्यांचे पाय घसरू नयेत, चिखल होऊ नये, एवढाच विचार असणार. पण कुंड म्हणजे नुसता पाण्याचा चौकोन नसतो. त्याच्या तळाशी जिवंत झरे असतात आणि नदी आटली तरी कुंडात पाणी राहते ते त्यांच्या जिवावर. तळावर काँक्रीट पडले, की झऱ्याचे तोंड बंद होते. पुढे हे काँक्रीट काढावे म्हणून नाशिककरांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१६ साली एप्रिलमध्ये, ऐन पाडव्याच्या दिवसांत, रामकुंड कोरडे पडले. दुष्काळाचे वर्ष होते आणि धरणातच पाणी नव्हते, त्यामुळे सगळा दोष काँक्रीटला देणे बरोबर होणार नाही. पण वरून येणारे पाणी थांबले, तेव्हा खालून देण्याजोगे काही आपण मोकळे ठेवले होते का, हा प्रश्न त्या कोरड्या पायऱ्यांवर उभे राहून अनेकांच्या मनात आला असेल. माझ्या तरी आला.

नदीचे प्रकरण मोठे आहे, न्यायालयाचे आहे. आपल्या दारातले प्रकरण लहान आहे, आणि मला आज मुख्यतः त्याविषयी बोलायचे आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कॉलन्यांतून सिमेंटचे रस्ते आणि त्यांच्या कडेला पेव्हर ब्लॉक आले. रस्ते छान झाले. पण फरशी बसवणाऱ्याने बुंध्यापाशी येऊनही हात आखडला नाही. आमच्या गल्लीत एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या खोडाला अगदी खेटून, गळ्यात घट्ट पट्टा बांधावा तसे, ब्लॉक बसवले गेले. त्या वर्षी पाऊस नेहमीसारखा पडला. पण झाडाच्या मुळाशी त्यातला किती गेला असेल? सगळे पाणी उताराने गटारात आणि गटारातून नदीत. दोन-तीन वर्षांनी त्या झाडाचा मोहोर एका बाजूने विरळ झाला. मग एका वादळी संध्याकाळी त्याची मोठी फांदी खाली आली, आणि झाडे धोकादायक असतात असे सगळ्यांचे एकमत झाले. झाडाला पाणी नाही, मुळांना हवा नाही, ती पसरायला जागा नाही; आणि पडले की दोष मात्र झाडाचा!

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढून एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. एक मीटर म्हणजे किती? घरातल्या जेवणाच्या टेबलाएवढे. एवढी माती जर आपण आपल्या दारातल्या झाडाला देऊ शकत नसू, तर दर जूनमध्ये वृक्षारोपणाचे फोटो काढण्यात काय हशील?

यावर काही वाचक काय म्हणतील याची मला कल्पना आहे. माती म्हणजे पावसाळ्यात चिखल, डास आणि घरभर उमटलेली पावले. वृद्धांना सपाट वाट हवी, मुलांना सायकल चालवायला जागा हवी, गाड्या कुठे तरी उभ्या करायलाच हव्यात. हे सगळे खरे आहे आणि मी स्वतःही सपाट वाटेनेच चालतो. पण गावातली सगळी जमीन मोकळी ठेवा असे कोण म्हणते? रहाड बांधणाऱ्यांनीही चौक वाहता ठेवलाच की. प्रश्न एवढाच, की आपण जे झाकतो त्यातून खाली जायला आणि वर यायला वाट ठेवतो का? बुंध्याभोवती मातीचे आळे, दोन ब्लॉकांमध्ये पाणी जिरेल अशी फट, गच्चीवरचे पाणी गटाराऐवजी जमिनीत सोडणारा एखादा शोषखड्डा, यांनी कुणाची गाडी अडत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे, तर २०२५च्या अखेरीस तपोवनात काय झाले ते आठवा. २०२७च्या कुंभमेळ्यासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून तिथली मोठ्या संख्येने झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि शहरात त्याविरुद्ध मोठा आवाज उठला. त्या वादात 'एका झाडाच्या बदल्यात इतकी झाडे लावू' असा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला गेला. कुंभमेळा व्हायला हवा आणि येणाऱ्यांची सोयही व्हायला हवी. त्याबद्दल दुमत नाही. मात्र या बदलीच्या हिशेबात एक चूक आहे. रोप नवे लावता येते, पण जुन्या झाडाने खोलवर पोचवलेली मुळे, त्यांच्यासोबत भुसभुशीत झालेली माती आणि त्या मातीत वर्षानुवर्षे पाणी मुरण्याच्या वाटा कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाहीत. झाड मोजताना आपण फक्त जमिनीच्या वरचे मोजतो. वसंत ज्याच्या जोरावर येतो ते सगळे खाली असते आणि ते कुणाच्याच यादीत येत नाही.

ऋतू बदलले, अशी तक्रार हल्ली घरोघर ऐकू येते, आणि ती पोकळ नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकसह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली, तेव्हा तोडणीला आलेल्या बागा आणि उभा गहू डोळ्यांदेखत आडवा झाला. त्यानंतर फाल्गुनात आभाळ भरून आले, की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. जगाचे हवामान नाशिकच्या एका गल्लीतून दुरुस्त होणार नाही, हे मला कळते. पण आकाश बेभरवशाचे झाले असेल, तर जमिनीतल्या साठवणीवर आपली भिस्त वाढायला हवी, कमी नव्हे. पगार अनिश्चित झाला की शहाणा गृहस्थ बँकेतली ठेव मोडत नाही, ती जपतो. आपण नेमके उलटे करत आहोत. पाऊस लहरी होत चालला आहे, आणि तो साठवणारी जमीन आपण इंचाइंचाने बंद करत आहोत.

मोगलांच्या अमदानीत या गावाचे नाव गुलशनाबाद होते. फुलांचे गाव. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले, नाव गेले, पण फुले राहिली. ती राहिली, कारण वाड्यांच्या मागे परस होते, नदीकाठी मळे होते आणि बुंध्याला माती होती. कुणी मुद्दाम पर्यावरण वगैरे शब्द वापरून ती राखली नव्हती. आता मुद्दाम राखावी लागणार, एवढाच फरक.

म्हणून या रविवारी एक लहानसे काम सुचवतो. वर्तमानपत्र वाचून झाले, चहा झाला, की ऊन चढायच्या आत मुलांना घेऊन खाली उतरा. आपल्या इमारतीच्या किंवा गल्लीच्या झाडांची नावे त्यांना विचारा. येत नसतील तर शेजारच्या आजोबांना विचारा. कोणते झाड पाने टाकत आहे, कोणाला पालवी आली आहे, ते पाहू द्या. मग टेप घेऊन प्रत्येक बुंध्यापासून फरशी किती अंतरावर आहे ते मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या सोसायटीच्या सभेत रंगाचा आणि लिफ्टचा विषय निघेल तेव्हा ही वही काढा. चार ब्लॉक उचलून आळे करायला गवंड्याला अर्धा दिवसही लागत नाही, आणि काढलेले ब्लॉक कुठे तरी कामाला येतातच.

हे काम मृगाच्या आधी झाले तर उत्तम. यंदाचा वसंत आपल्या हातात नाही. तो मागच्या पावसाने ठरवून टाकला आहे. पुढच्या वर्षीचा मात्र याच जूनमध्ये मुरायला सुरुवात होईल, जिथे त्याला आत जायला जागा सापडेल तिथे.